अर्ज वाचणारा माणूस

गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा बाबांनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस ना, मग ही तक्रार टाकून दे." तक्रार पाण्याची होती. गावात नळ येऊन बरीच वर्षं झाली, पण तेव्हा अकरा दिवस नळाला पाणी नव्हतं. मी फॉर्म भरला, कोरड्या नळाचा फोटो जोडला, टोकन नंबर मिळाला. नवव्या दिवशी मी पुण्यात ऑफिसात असताना मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' लगेच घरी फोन लावला. नळ कोरडाच होता.

राग यायला हवा होता, पण आधी हसू आलं. कारण हे काम मीही करतो. आमच्याकडे रोज तिकिटं येतात. शुक्रवारी संध्याकाळी आकडा कमी दिसावा म्हणून 'अडचण पुन्हा आढळली नाही' असं लिहून मीही तिकीट बंद केलेलं आहे. पलीकडच्या माणसाची अडचण तशीच असते. फक्त माझ्या स्क्रीनवरून ती गेलेली असते.

फोनवर मागून आजीचा आवाज आला. "आमच्या टायमाले अर्जबिर्ज काई नोता बापा. पाटलाच्या दारात जाऊन उभं रायाचं." मग जरा थांबून म्हणाली, "तेही साऱ्याइले जमत नोतं."

हे दुसरं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कुणाला जमत नव्हतं, हे मला माहीत होतं. मी कधी विचारलं नव्हतं, एवढंच.

विहिरीतलं मीठ

आमचं गाव अकोला जिल्ह्यात, खारपाणपट्ट्यात. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. वर काळीभोर कापसाची जमीन आणि खाली खारं पाणी. अमरावतीकडे दर्यापूर आणि भातकुली तालुक्यांतही हीच गत. इथे विहीर खणणं म्हणजे नशीब आजमावणं. पाणी लागतं, पण ते पिता येत नाही, त्यात डाळ शिजत नाही आणि पिकाला दिलं तर जमीन खराब होते. आजी गंमतीने म्हणायची, "आमच्या गावात मिठाले पैसे लागत नोते, विहिरीतच होतं."

अशा मुलखात गोड्या पाण्याची एखादी विहीर सापडली की अख्खं गाव तिच्यावर जगायचं. पण अख्खं म्हणजे किती, हा खरा प्रश्न. गावातल्या दलित बायका आपले घडे घेऊन विहिरीपासून अंतरावर बसत. कुणीतरी वरून ओतेल तेव्हा पाणी. कुणी ओतलं नाही तर खारी विहीर किंवा नदीचा झरा. इतर ठिकाणी अस्पृश्यतेचा अर्थ दुसऱ्या विहिरीवर जाणं असा होत असेल. खारपाणपट्ट्यात बऱ्याचदा दुसरी विहीर म्हणजे पिता न येणारं पाणी.

आमच्या वाड्यात गोड्या पाण्याची विहीर होती. लहानपणी मला तिचा अभिमान वाटायचा.

कुणाच्या दारात उभं राहायचं?

अर्ज करायचा तर आधी तो कुणाकडे, हे ठरावं लागतं. वऱ्हाडात हा प्रश्न नेहमीच गुंतागुंतीचा होता. १८५३ साली निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १९०२ साली कर्झनने तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला आणि १९०३ साली मध्य प्रांताला जोडला. म्हणजे राजा हैदराबादेत, साहेब नागपुरात, आणि विहीर गावच्या पाटलाच्या नजरेखाली.

शिकलेल्या वर्गाला मात्र अर्ज कसा करायचा हे चांगलं ठाऊक होतं. १८९७ साली काँग्रेसचं तेरावं अधिवेशन अमरावतीत भरलं. सी. शंकरन नायर अध्यक्ष होते आणि स्वागताध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात होते. त्या काळातलं काँग्रेसचं राजकारण म्हणजे मुख्यतः ठराव, निवेदनं आणि सरकारला केलेल्या विनंत्या. सरकार त्या वाचायचं आणि बाजूला ठेवायचं. पुढे टिळकांच्या पक्षाने या पद्धतीला भिक्षेचं राजकारण म्हणून हिणवलं. हक्क मागून मिळत नाहीत, हे वऱ्हाडातल्या पुढाऱ्यांनाही पटलं.

तीस वर्षांनी त्याच अमरावतीत दुसऱ्या कुणीतरी विनंती केली. या वेळी अर्ज वाचणारे शहरातलेच प्रतिष्ठित लोक होते.

अंबादेवीच्या दारात

अमरावतीत अंबादेवीचं मंदिर शहराच्या मधोमध आहे. शेजारीच एकवीरा देवी. श्रीकृष्णाने रुक्मिणीला इथूनच नेलं, अशी कथा इथल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. नवरात्रात सगळं शहर तिथे लोटतं. १९२७ साली त्या 'सगळ्या शहरा'त अस्पृश्य मानलेले लोक धरलेले नव्हते.

ते वर्ष महत्त्वाचं आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि हजारो लोकांनी पाणी घेतलं. तळं कागदावर आधीच खुलं होतं. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला होता, त्यानुसार १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही ठराव केला होता. तरी पाण्याला हात लावताच दंगल झाली आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. म्हणजे तिकीट आधी बंद केलं होतं, आणि कुणी खरोखर पाणी प्यायला गेल्यावर ते रद्दच करून टाकलं.

वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हता. बोले यांच्या ठरावाचा इथे उपयोग नव्हता. इथल्या लोकांना आपला रस्ता आपणच काढायचा होता. त्यांनी अंबादेवीच्या पंचांकडे मागणी केली की मंदिर आम्हालाही खुलं करा. काही महिने हे चाललं. मागणी करणाऱ्यांच्या बाजूने एक तरुण उभा होता, पंजाबराव देशमुख. पापळ गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकून १९२६ साली परत आलेला. ऑक्सफर्डमध्ये त्याने वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर प्रबंध लिहिला होता. शास्त्राचा आधार दाखवून त्याला गप्प बसवणं सोपं नव्हतं. वय २८. आज माझं जेवढं आहे, जवळपास तेवढंच.

१३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर. आदल्याच दिवशी मुंबईत त्यांचे थोरले भाऊ बाळाराम वारले होते आणि ती बातमी त्यांना अमरावतीत परिषद चालू असताना कळली. तरी परिषदेचं काम पुरं झालं. मंदिराचा विषय निघाला. पंचांनी दार उघडलेलं नव्हतं. थेट सत्याग्रह करायचा की आणखी वाट पाहायची? सत्याग्रह तूर्त पुढे ढकलून पंचांना अजून मुदत द्यायचं ठरलं.

हे वाचताना मी थोडा अस्वस्थ झालो. ज्यांनी शतकानुशतकं वाट पाहिली, तेच आणखी मुदत देत होते. पण पुन्हा विचार केल्यावर वाटलं की ही मुदत म्हणजे लाचारी नव्हती. आम्ही रीतसर मागितलं, वेळ दिला, आणि तरी तुम्ही नाही म्हणालात, याची नोंद तयार होत होती. पुढे पुण्यात पर्वतीला १९२९ मध्ये आणि नाशिकला काळाराम मंदिरासमोर १९३० मध्ये जे मोठे सत्याग्रह झाले, त्यांच्या आधी हा प्रश्न अमरावतीत रीतसर विचारून झाला होता.

खुर्ची बदलली

पुढच्याच वर्षी, १९२८ साली, पंजाबराव अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले.

मध्य प्रांताच्या १९२० च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने आलेल्या या कौन्सिलकडे फार मोठी सत्ता नव्हती. मतदानाचा हक्क मोजक्या लोकांना होता. कामं म्हणजे रस्ते, दवाखाने, प्राथमिक शाळा आणि सार्वजनिक विहिरी. देवळावर तिचा अधिकार चालत नव्हता. पण विहिरी? त्या तिच्याच.

पंजाबरावांनी जिल्ह्यातल्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचाही आग्रह धरला.

माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच आहे, आणि तो आपण पटकन वाचून पुढे जातो. १९२७ मध्ये पंजाबराव टेबलाच्या अलीकडे होते, मागणाऱ्यांसोबत. १९२८ मध्ये ते पलीकडे जाऊन बसले. अर्जातला मजकूर तोच होता. वाचणारा बदलला होता. आणि त्याने आपल्या अधिकारात काय येतं आणि काय येत नाही हे नीट पाहून, जे येतं त्यापासून सुरुवात केली.

ठराव झाला म्हणून दुसऱ्या दिवशी गावोगावचे रहाट सगळ्यांच्या हाती आले, असं मानायचं कारण नाही. महाडचं उदाहरण समोर होतंच. तिथला खटला मुंबई उच्च न्यायालयात जाऊन १९३७ मध्ये सुटला. पण ठरावाने एक गोष्ट केली. आधी विहिरीवर येणारी बाई गुन्हेगार ठरायची. आता तिला अडवणारा नियम मोडणारा ठरला. दर्यापूर-भातकुलीकडच्या खाऱ्या गावांमध्ये या फरकाची किंमत घशाला कळते.

देवळाच्या दाराला आणखी वेळ लागला. १९४७ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. त्याच सुमारास दिल्लीत संविधान सभा चालू होती. मसुदा समितीचे अध्यक्ष आंबेडकर होते, आणि सभासदांमध्ये पंजाबराव देशमुखही होते. इंद्रभुवन थिएटरातल्या त्या परिषदेला तेव्हा वीस वर्षं झाली होती. संविधानाचा पंधरावा अनुच्छेद काढून पाहा. दुकानं, हॉटेलं यांच्यासोबत तिथे विहिरी, तलाव, स्नानघाट असे शब्द आहेत. एवढ्या मोठ्या देशाच्या संविधानात विहीर कशाला, असं शहरातल्या माणसाला वाटू शकतं. आमच्याकडच्या माणसाला वाटत नाही.

टँकर घेऊन नागपूरला

खारं पाणी अजून खारंच आहे. एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख आणि त्यांच्यासोबत गावकरी अकोल्याहून नागपूरला पायी निघाले. वान धरणातून खारपाणपट्ट्यातल्या ६९ गावांना पाणी देणाऱ्या योजनेला स्थगिती मिळाली होती, ती उठवा, ही मागणी. सोबत खाऱ्या पाण्याचा टँकर होता. नागपूरच्या हद्दीत पोलिसांनी त्यांना अडवून ताब्यात घेतलं. यात दुसरी बाजूही आहे. वान धरणाच्या पाण्यावर तेल्हारा-अकोटकडच्या शेतकऱ्यांचा जीव आहे आणि त्यांचा या योजनेला विरोध होता. तहानलेले दोन्हीकडे आहेत. पण अर्जासोबत पाणीच न्यायचं, वाचणाऱ्याला ते चाखून बघ म्हणायचं, ही कल्पना मला नेमकी वाटली. माझ्या कोरड्या नळाच्या फोटोत ती ताकद नव्हती.

मी तक्रार पुन्हा टाकली. या वेळी बाबांना म्हटलं, एकट्याच्या नावाने नको. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि पलीकडच्या वस्तीतल्याही. बाबा गप्प झाले. त्या वस्तीत नळाची लाइन आमच्यानंतर बऱ्याच वर्षांनी गेली, आणि तिथे दाब नेहमीच कमी असतो. त्यांच्या कोरड्या नळाचा फोटो काढायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांनी कागदाचा फोटो पाठवला. एकेचाळीस सह्या आणि सात अंगठे. ग्रामसभेत ठेवणार आहेत म्हणाले. खाली आजीचाही अंगठा होता. तिला सही येते. का अंगठा दिला, विचारलं तर म्हणाली, "शेजारीण अंगठा देऊ रायली होती. तिले एकटं काहून वाटू द्यावं?"