मोत्यांचे दागिने : निगा आणि साठवण

मोती हा खाणीतला खडा नव्हे. शिंपल्यातल्या जिवाने थरावर थर चढवून तो घडवलेला असतो. हे थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असून कॉन्कायोलिन हे प्रथिन त्यांना सांधते. शिवाय थोडा पाण्याचा अंश असतो. मोहस् मापावर मोत्याची कठिणता २.५ ते ४.५, तर धुळीतल्या गारेच्या कणांची ७. त्यामुळे धूळ बसलेला मोती कोरड्या फडक्याने खसाखसा पुसला की चकाकण्याऐवजी ओरखडतो. आम्लाने थर झिजतात. घाम, लिंबू, चिंच, अत्तर आणि केसांवरचे फवारे मोत्याला सोसत नाहीत. सोने रिठ्याच्या पाण्यात उकळून ब्रशाने घासण्याची घरोघरची रीत मोत्यांना लावू नये.

जुन्या घराण्यांतल्या नथींत इराणच्या आखातातले बसरा मोती आढळतात. बसरा बंदराचे नाव त्यांना पडले आणि त्यांची मोठी बाजारपेठ मुंबईत होती. जपानच्या मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात मुद्दाम अर्धगोल मोती पिकवला. पुढे असे पिकवलेले गोल, म्हणजे संवर्धित मोती बाजारात आले आणि आज बहुतेक दागिन्यांत तेच असतात. काहींत गाभ्यावरचा थर पातळ असतो आणि झिजला की आतला गाभा दिसू लागतो. नकली मोत्यावर तर नुसता लेपच असतो, तो आणखी लवकर उडतो.

दागिन्याच्या बांधणीवर निगा ठरते. नथ आणि कुडी तारेत गुंफलेल्या. तिथे तार आणि फासा किंवा मळसूत्र सैल झाले की नाही एवढे पाहावे. तन्मणी आणि चिंचपेटी दोऱ्यावर उभ्या. बारीक मोत्यांच्या सरात बहुधा प्रत्येक मोत्यामागे गाठ नसते, म्हणून दोरा तुटला की सगळा सर जमिनीवर ओघळतो.

कामशेतसारख्या गावात हा दोराच आधी दगा देतो. लोणावळा आणि तळेगाव यांच्यामधल्या इंद्रायणीच्या या पट्ट्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या कपड्यांनाही बुरशीचा वास येतो. दमट हवेने मोत्याचे फारसे बिघडत नाही; दोरा मात्र कुजतो, मुलामा दिलेले पितळ हिरवे पडते आणि चांदी काळवंडते. नेमक्या याच दिवसांत मंगळागौर आणि गौरी-गणपती येतात, म्हणजे दागिना सर्वांत ओल्या महिन्यांत अंगावर चढतो. घामाने भिजलेला तन्मणी लगेच डबीत घातला की ओल दोऱ्यातच राहते.

तयारी पूर्ण झाल्यावर मोती शेवटी घालावेत आणि परतल्यावर आधी काढावेत. साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या मलमलीने ते हलक्या हाताने पुसावेत. मोती पाण्यात बुडवू नयेत. नंतर सर कापडावर आडवा पसरून रात्रभर वाळू द्यावा. टांगल्यास मोत्यांच्या भाराने दोरा ताणला जातो.

ठेवताना प्रत्येक दागिना वेगळ्या मलमलीत गुंडाळून कापडी अस्तराच्या डबीत आडवा ठेवावा. सोन्याच्या बांगड्या आणि खडे त्याला घासता कामा नयेत. हवाबंद प्लास्टिकची पिशवी आणि डांबरगोळ्या टाळाव्यात. तांदळात मोती ठेवण्याची पद्धत काही घरांत आहे. पण साठवणीच्या तांदळाला अनेकदा बोरिक पावडर चोळलेली असते आणि तिची भुकटी मोत्याच्या भोकात बसते. दमटपणाचे दुसरे टोकही वाईट. फार कोरड्या बंद जागेत वर्षानुवर्षे पडलेल्या मोत्यांवर बारीक तडे जातात. लॉकरमधला दागिना अधूनमधून बाहेर काढून वापरलेला बरा.

दोरा काळपट झाला किंवा मोत्यांमध्ये फट दिसू लागली की सर पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवून घ्यावा. देण्यापूर्वी मोती मोजावेत आणि फोटो काढून ठेवावा. नेहमी वापरातला सर वर्षाला, एरवीचा दोन-तीन वर्षांनी गाठवावा लागतो. गौरी उठल्यावर, पाऊस ओसरताना हे काम उरकणे सोयीचे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई लागते आणि पटवेकऱ्याला मग सवड नसते.