दप्तर कोणाच्या घरी?

वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात रिठद नावाचे गाव आहे. तिथल्या शाळकरी मुलाला दप्तर म्हणजे काय असे विचारले तर ते पाठीवरची पिशवी दाखवील. हाच प्रश्न त्याच्या आजोबांना विचारला तर त्यांना तलाठ्याचे दप्तर आठवेल. फारसीतून मराठीत आलेल्या या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेतल्या कातड्याच्या वाचक शब्दापर्यंत जाते. लिहिण्याचे कातडे, मग वही, मग कागदांचे गाठोडे, मग ते गाठोडे जिथे राहते ते कार्यालय, असा हा प्रवास. शब्दाचा अर्थ वस्तूकडून जागेकडे सरकला, याचे आम्हांला विशेष वाटते. कारण कागदाइतकाच तो कोणाच्या घरी आहे हा प्रश्न इतिहासाला नेहमी छळत आला आहे. गेल्या वीस वर्षांत कंपन्यांनी आपला ई-पत्रव्यवहार स्वतःच्या सर्व्हरवरून उचलून 'क्लाउड'वर नेला, त्या घटनेकडे आम्ही याच प्रश्नाच्या अंगाने पाहतो.

आपल्याकडे ई-पत्राची सुरुवात घरच्या यंत्रांवरच झाली. १९८६ च्या सुमारास 'एर्नेट' या शैक्षणिक जाळ्याचे काम सुरू झाले. मुंबईतली जुहूची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आयआयटी या त्यातल्या आरंभीच्या संस्था. पत्रे संस्थेच्या यंत्रात येत आणि तिथेच राहत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केल्यावर कंपन्यांनीही हाच कित्ता गिरवला. कचेरीत एक थंडगार खोली, तीत सर्व्हर, शेजारी बॅटऱ्या, रात्री टेपवर उतरवलेली प्रत, आणि या साऱ्याची किल्ली बाळगणारा एक त्रासलेला गृहस्थ! भारनियमनाच्या दिवसांत विदर्भातल्या कचेऱ्यांनी ही खोली कशी चालू ठेवली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

ही खोली हळूहळू परवडेनाशी झाली. एप्रिल २००४ मध्ये जीमेलने प्रत्येकाला एक गिगाबाइट जागा देऊ केली. तोवर फुकटच्या टपालपेट्या दोन-चार मेगाबाइटांवर भागवत होत्या. २००६ पासून गूगल कंपन्यांच्या पत्त्यांचीही टपाल सांभाळू लागले. त्यातच नको असलेल्या जाहिरातींच्या पत्रांचा पूर आला आणि तो अडवण्यासाठी मोठ्या सेवा अनोळखी सर्व्हरांवरून येणारी पत्रे संशयाने परत पाठवू लागल्या. स्वतःचा सर्व्हर बाळगणारा छोटा कारखानदार अशा रीतीने आपल्याच गावात परका ठरला. घर सोडण्याचे कारण केवळ आळस किंवा काटकसर नव्हते, हे मान्य केले पाहिजे.

हे स्थलांतर होते कसे? जुनी पत्रे एकेका पेटीतून नव्या ठिकाणी उतरवून घेतात. त्याला कधी आठवडेही लागतात. मग पत्त्यांच्या जागतिक नोंदवहीत एक ओळ बदलली जाते: अमक्या नावाची टपाल यापुढे तमक्या यंत्राकडे द्यावी. पत्ता तोच राहतो, म्हणून बाहेरच्या माणसाला काही कळतही नाही. मात्र प्रत्येक ई-पत्राच्या डोक्यावर, एरवी झाकलेल्या मजकुरात, ते कोणकोणत्या यंत्रांतून आले याच्या नोंदी असतात. त्या खालून वर वाचायच्या. मोडी पत्रांवर ते पोचल्याची तारीख 'पै॥' म्हणजे पैवस्ती अशा खुणेने नोंदवलेली सापडते. ही तिचीच नवी तऱ्हा. कंपनीने कोणत्या महिन्यात घर बदलले हे उद्याच्या संशोधकाला या नोंदींतून सांगता येईल. अर्थात, पत्रे त्याच्या हाती पडली तर.

ही 'तर' किती मोठी आहे, हे जुलै २०२५ मध्ये दिसले. मुंबईत मुख्य कचेरी आणि गुजरातेत वाडिनारला तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायारा एनर्जीत रशियाच्या रोसनेफ्टचा सुमारे ४९ टक्के हिस्सा आहे. १८ जुलैला युरोपीय संघाने या कंपनीवर निर्बंध घातले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा रोखल्या आणि कर्मचाऱ्यांना स्वतःची टपाल उघडता येईना. भारतात असा कोणताही निर्बंध नव्हता. सेवेचे पैसे भरलेले आहेत आणि माहिती आमची आहे, असे म्हणत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. महिनाअखेर सेवा पूर्ववत झाली. मधल्या काळात तिने टपालीसाठी रेडिफचा आसरा घेतल्याच्या बातम्या होत्या. रेडिफ म्हणजे १९९६ पासूनची मुंबईचीच कंपनी.

मराठी वाचकाला इथे पेशवे दप्तर आठवल्याशिवाय राहणार नाही. १८१८ नंतर ते इंग्रजांच्या ताब्यात गेले. महसूल आणि इनामे यांच्या चौकशीसाठी ते त्यांना हवे होते, म्हणून जपलेही गेले. १८९१ मध्ये पुण्यात त्यासाठी दगडी इमारत उभी राहिली. पण आपल्या संशोधकांना ते दीर्घकाळ मोकळेपणी पाहता आले नाही. सरदेसायांनी त्यातून निवडलेले ४५ खंड निघाले ते १९३० नंतर. मग त्याआधी मराठ्यांचा इतिहास लिहिला गेला तो कशावर? मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरावर ऐतिहासिक लेखसंग्रह उभा केला. राजवाड्यांनी गावोगावचे वाडे धुंडाळून १८९८ पासून साधनांचे खंड काढले. पत्राला दोन टोके असतात. एक टोक कुलुपात गेले तरी दुसरे कोणाच्या तरी माळ्यावर होते. त्या माळ्यांवर वाळवीने आणि रद्दीवाल्याने काय केले, तेही राजवाड्यांना पुरते ठाऊक होते. घरचे दप्तर सुरक्षित असते असा आमचा मुळीच दावा नाही.

आज धोका आहे तो दुसऱ्या टोकाचा. पाठवणारा आणि घेणारा, दोघांचीही टपाल त्याच दोन-तीन कंपन्यांकडे असली तर दोन्ही प्रती एकाच छपराखाली येतात. यंत्रे कुठे आहेत याने फारसे बिघडत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्येच पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे आपली केंद्रे उघडली होती; नायाराचा दरवाजा तरीही बंद झाला. (कालिदासाच्या यक्षाने रामगिरीवरून मेघाकरवी निरोप धाडला, तेव्हा मेघाकडे काम फक्त नेण्याचे होते, ठेवण्याचे नव्हते. सरकारने आपल्या क्लाउडला 'मेघराज' असे नाव दिले, तेव्हा हा भेद कोणाच्या ध्यानात आला होता की नाही, कोण जाणे.)

त्याच वर्षी केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांची टपाल राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या जुन्या व्यवस्थेतून झोहो या तमिळनाडूतल्या कंपनीच्या मंचावर गेल्याचे प्रसिद्ध झाले. पत्ते पूर्वीचेच राहिले.