पिवळा डबा आणि आपले ताट

सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा प्रसंग. ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयी या स्मरणिकेत अनेक अधिकारी व्यक्ती लिहितीलच. मी व्यवसायाने कापड-व्यापारी, शिक्षणाने वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहासाचा अभ्यासक नव्हे. तथापि आपल्या स्वयंपाकघरात शिरलेल्या एका पदार्थाचा इतिहास आज आपणांसमोर मांडावासा वाटतो. त्याला निमित्त माझे स्वतःचे दुखणे आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या हृदयाच्या दोन रक्तवाहिन्यांत अडथळे आढळले. मी डॉक्टरांना काहीशा अभिमानानेच सांगितले, ‘‘मी जन्मापासून शाकाहारी आहे. कांदा-बटाटा वर्ज्य आहे आणि सूर्यास्तानंतर मी जेवत नाही.’’ त्यांनी शांतपणे विचारले, ‘‘सूर्यास्तापूर्वी काय खाता?’’ या प्रश्नाने मी निरुत्तर झालो. चौविहाराची वेळ टळू नये म्हणून दुकानाच्या गल्ल्यावर बसूनच घाईघाईने गाठिया, फरसाण, कचोरी आणि वर मिठाईचा तुकडा, हा माझा अनेक वर्षांचा नित्यक्रम होता. नियम पाळला जात होता. विवेक मात्र सुटला होता.

आता इतिहासाकडे वळू. आपल्या कोपरखैरण्याहून खाडी ओलांडली की मुंबई लागते. तिच्या पूर्व किनाऱ्यावरील शिवडी येथे १९३२ साली वनस्पती तुपाचे उत्पादन सुरू झाले. तत्पूर्वी हा पदार्थ हॉलंडहून येत असे. द्रवरूप तेलात निकेल धातूच्या साहाय्याने हायड्रोजन वायू मिसळला की ते तुपासारखे घट्ट होते. साजूक तूप महाग, वनस्पती स्वस्त आणि टिकाऊ. ‘डालडा’ हे त्यातील एका उत्पादनाचे नाव इतके रूढ झाले की सर्वच वनस्पती तुपाला लोक डालडा म्हणू लागले. ताडाच्या झाडाचे चित्र असलेला तो पिवळा डबा आपल्यापैकी अनेकांच्या बालपणाचा सोबती आहे. रिकामा झाला की त्यात तुळस लावली जाई.

या पदार्थाला विरोध झाला नाही असे नाही. महात्मा गांधींनी वनस्पती तुपाविरुद्ध आवाज उठविला होता. साजूक तुपातील भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत ५ टक्के तीळतेल मिसळणे कायद्याने सक्तीचे झाले, कारण तीळतेल रासायनिक परीक्षेत लाल रंग देते. पुढे १९८३ साली वनस्पतीत गायीची आयात चरबी मिसळली जात असल्याच्या वार्तांनी देशभर खळबळ माजली. आपल्या समाजाला त्या वेळी बसलेला धक्का ज्येष्ठांना आठवत असेल. कित्येक घरांतून डबे बाहेर गेले.

परंतु या सर्व वादांत प्रश्न दोनच होते : तुपात भेसळ आहे काय, आणि वनस्पतीत प्राणिज चरबी आहे काय? संपूर्णपणे वनस्पतिजन्य, शुद्ध, भेसळरहित असा हा पदार्थ शरीराचे काय करतो, हा तिसरा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. तेल घट्ट करताना त्यातील काही भागाचे ‘ट्रान्स फॅट’मध्ये रूपांतर होते. १९९० साली हॉलंडमधील संशोधकांनी दाखवून दिले की हा स्निग्धांश रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवितो आणि हितकारक कोलेस्टेरॉल घटवितो. परिणामी हृदयविकाराचा धोका वाढतो. भारतात तेल-तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली गेली. ती २०२१ साली ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. म्हणजे शिवडीच्या कारखान्यापासून या मर्यादेपर्यंत नव्वद वर्षे लोटली!

कापड घेताना आपण केवळ छाप पाहून ताका उचलत नाही; पोत पाहतो, धागा ओढून पाहतो, रंग टिकेल काय ते विचारतो. अन्नाच्या बाबतीत मात्र पाकिटावरील हिरवा ठिपका पाहून आपण निश्चिंत होतो. तो ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो. तो हितकर आहे असे सांगत नाही. मीठ, साखर, मैदा आणि वारंवार तापविलेले तेल हे सर्व शाकाहारीच आहेत.

खरे तर या बाबतीत आपल्याला बाहेरून काही शिकण्याची आवश्यकता नव्हती. आपल्या सहा बाह्य तपांपैकी पहिली चार, म्हणजे अनशन, ऊणोदरी, वृत्तिसंक्षेप आणि रसत्याग, आहाराशी निगडित आहेत. ऊणोदरी म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी खाणे. वृत्तिसंक्षेप म्हणजे पदार्थांची संख्या मर्यादित ठेवणे. सहा विगयांमध्ये दूध, दही, तूप, तेल, गूळ यांच्याबरोबर तळलेल्या पदार्थांचीही ‘कडा विगई’ म्हणून स्वतंत्र गणना आहे. आयंबिलात या साऱ्यांचा त्याग असतो. पूर्वाचार्यांनी हे आत्मशुद्धीसाठी सांगितले, वजन घटविण्यासाठी नव्हे, याची मला जाणीव आहे. तरीही जिभेवरील संयमाचा लाभ देहालाही होतोच. आपण मात्र आठ दिवस उपवास करतो आणि पारण्यानंतर महिनाभर त्याची भरपाई करतो.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात नम्र सूचना कराव्याशा वाटतात. स्वामीवात्सल्याच्या जेवणात मिष्टान्न एकच आणि तळलेला पदार्थही एकच असावा. एकदा तळणासाठी वापरलेले तेल पुन्हा कढईत जाऊ नये. पाकिटावरील घटकांची यादी वाचण्याची सवय मुलांना लावावी. मधुमेही व हृदयरोगी तपस्व्यांनी तप आरंभण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा.

मी आजही सूर्यास्तापूर्वीच जेवतो. फरक इतकाच की आता अर्धा तास आधी दुकान मुनिमावर सोपवून घरी येतो. ताटात मूग, भाकरी आणि भाजी असते. गेल्या काही वर्षांत धंद्याचे त्यामुळे काही बिघडले नाही. लिहिण्यात काही न्यूनाधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!