मध्यम कागदाची कुळकथा

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम या गावी, जेथे विवेकानंद जयंतीच्या उत्सवात विस्तीर्ण मैदानावर पंगती बसतात आणि ट्रॅक्टरमधून महाप्रसाद वाढला जातो, तेथे मोठ्या कागदाची निकड नाही असे घर विरळाच: कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला तक्ता हवा असतो, शिक्षकाला मधोमध दुमडून चार पानांची होणारी प्रश्नपत्रिका, उत्सवाच्या स्वयंसेवकाला दिशादर्शक पाट्या आणि शेतकऱ्याला आपल्या गटाचा नकाशा. त्यासाठी घरी ए-३ आकाराचा प्रिंटर मांडणाऱ्याने त्या कागदाचे कूळही जाणून घ्यावे, कारण यंत्राच्या बहुतेक कटकटींचा उलगडा त्या कुळातच होतो.

गटिंगेन येथील विद्वान प्राध्यापक लिख्टेनबर्ग यांनी २५ ऑक्टोबर १७८६ रोजी योहान बेकमान यांस एक पत्र लिहिले, त्यातील हकिकत अशी. बीजगणित शिकणाऱ्या एका इंग्रज विद्यार्थ्याला त्यांनी असा कागद शोधावयास सांगितले होते, की ज्याची कितीही वेळा निम्म्याने घडी घातली तरी प्रत्येक तुकड्याचे रूप मूळ तावासारखेच राहावे. उत्तर निघाले ते असे, की रुंदीस एक धरल्यास लांबी दोनाच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे १.४१४, असली पाहिजे. ते प्रमाण कात्रीने कापून पाहण्याच्या उत्साहात लिख्टेनबर्गांनी लिहिण्याचा साधा ताव हाती घेतला, तो त्याचे प्रमाण आधीपासूनच तेच असल्याचे आढळून त्यांना आनंद झाला.

पुढे १२ वर्षांनी, ३ नोव्हेंबर १७९८ रोजी, क्रांतीनंतरच्या फ्रान्सने मुद्रांकाचा कायदा केला. कागदाच्या आकारावर महसूल आकारावयाचा तर आकार निश्चित हवेत, म्हणून सरकारने दस्तऐवजांच्या तावांची लांबीरुंदी कायद्यातच लिहून टाकली. त्यात ‘मध्यम कागद’ म्हणून जो ताव नोंदवला, त्याची मापे २९.७३ आणि ४२.०४ सेंटिमीटर, म्हणजे आपला आजचा ए-३ होय. घरच्या प्रिंटरात जाणारा हा ताव मुळात करवसुलीच्या दफ्तरातला आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण शास्त्राची शुद्धता आणि अंमलदाराची गरज यांचा असा संयोग क्वचितच घडतो.

कायदा विस्मृतीत गेला. विल्हेल्म ओस्टवाल्ड या नोबेलप्राप्त रसायनशास्त्रज्ञाने १९११ मध्ये तेच प्रमाण पुन्हा पुढे आणले आणि त्यांचे सहायक राहिलेले वाल्टर पोर्स्टमान यांनी त्याला चौरस मीटरचा पाया दिला. १९२२ मध्ये जर्मनीने ते मानक स्वीकारले. ए-० म्हणजे एक चौरस मीटर, ८४१ गुणिले ११८९ मिलिमीटर. पुढचा प्रत्येक आकार त्याच्या मागच्याच्या निम्मा. म्हणून चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचा ए-४ ताव ५ ग्रॅम भरतो आणि ए-३ ताव १० ग्रॅम, आणि ए-४ चा ए-३ करताना झेरॉक्सवाल्याचा १४१ टक्के हा आकडा म्हणजे तेच दोनाचे वर्गमूळ असते.

आपल्या मराठी छापखान्यांची परंपरा निराळी होती. डेमी, क्राउन, रॉयल, फुलस्केप ही बिरुदे पुस्तकांच्या आणि कचेऱ्यांच्या व्यवहारात रुळली. १७.५ गुणिले २२.५ इंचांचा डेमी ताव १.२९ प्रमाणाचा, पण त्याची घडी घातली की १.५६ चा होतो. म्हणजे घडीगणिक कागदाचे रूप पालटते. हाताने खिळे जुळवणाऱ्याला त्याची अडचण नव्हती, कारण तो प्रत्येक पान नव्याने बांधीत असे. प्रिंटरला मात्र कागद आणि पान यांतील किंचित विसंवादही सोसत नाही.

यास्तव आकार दोन ठिकाणी सारखाच निवडावा: लिहिण्याच्या प्रणालीत आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरात. एका ठिकाणी ए-४ राहिला, तर छपाई एका कोपऱ्यात आक्रसते किंवा अर्धी कापली जाते. मागच्या ट्रेची बाजूची पट्टी कागदाला अलगद भिडवावी, समोरचा आधार पूर्ण ओढावा. पावसाळ्यात कागद दमट होऊन वाकतो, म्हणून रीम पाकिटातच बंद ठेवावी. ‘ए-३ प्लस’ म्हणून मिळणारा ३२९ गुणिले ४८३ मिलिमीटरचा ताव या वंशातला नाही. तो इंचांच्या कुळातला असून कडेपर्यंत रंग भरून मग ए-३ कापून घेण्यासाठी उपयोगी पडतो.

नकाशा छापणाऱ्याने मात्र विशेष सावध राहावे. प्रिंटर कडेला थोडी कोरी जागा सोडतो, आणि ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू असल्यास चित्र गुपचूप लहान करतो. लांबी ३ टक्क्यांनी घटली तर क्षेत्र सुमारे ६ टक्क्यांनी घटते. एकराचे ४० गुंठे धरले तर अशा नकाशावरून मोजणी करणाऱ्याच्या हिशेबात एकरामागे सव्वादोन गुंठ्यांहून अधिक जमीन कमी दिसेल. ‘मूळ आकार’ किंवा १०० टक्के हा पर्याय निवडावा, नकाशावरील प्रमाणपट्टी फुटपट्टीने मोजून ताडावी, आणि ती जुळल्याखेरीज तो कागद बांधावर नेऊ नये.