"इंडियाला जमतच नाही" आणि फॉर्म्युला वनचा हिशेब



गेल्या रविवारी लेकाला घेऊन ओल्ड अप्पर थॉमसन रोडवर चालायला गेले होते. दोन्ही बाजूंना झाडी, मधूनच माकडं. त्याला सांगितलं, "इथे एकेकाळी ग्रां प्री व्हायची." त्याचा विश्वासच बसेना. मग म्हणाला, "आई, इंडियात फॉर्म्युला वन तीनच वर्षं टिकली ना? इंडियाला असलं काही जमतच नाही."

वाक्य लागलं. कारण ते माझंच होतं. जेवताना आपणच बोलतो, मुलं उचलतात. घरी येऊन दोघांनी कागद घेतला आणि हिशेब मांडला.

आधी सिंगापूर. थॉमसन रोडवरची शर्यत 1961 ला सुरू झाली आणि 1973 नंतर बंद पडली. रोजच्या रहदारीचा रस्ता, अवघड वळणं, त्यावर स्पर्धकांचे जीव गेले. शहरात गाड्याही वाढत होत्या. म्हणजे सिंगापूरनेसुद्धा शर्यत बंद केली होती, आणि पुढची 35 वर्षं ती झाली नाही! 2008 मध्ये मरिना बेला फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची शर्यत झाली, तेव्हा वर्षाचा खर्च सुमारे 15 कोटी सिंगापूर डॉलर होता. त्यातले 60 टक्के सरकारने उचलले आणि शर्यतीच्या दिवसांत हॉटेलांच्या उत्पन्नावर अधिभार लावला. ज्याचा फायदा, त्याच्याकडून वसुली.

आता गाड्यांच्या कंपन्या. त्याच वर्षी मंदी आली आणि डिसेंबरमध्ये होंडाने संघ बंद करत असल्याचं जाहीर केलं. 2009 मध्ये बीएमडब्ल्यू आणि टोयोटाही गेल्या. होंडाचा संघ रॉस ब्रॉनने एका पौंडात घेतला. त्याच संघाने 2009 ची दोन्ही विजेतेपदं जिंकली आणि पुढे तो मर्सिडीजने विकत घेतला. होंडा 2015 मध्ये इंजिन पुरवायला परत आली.

शेजारच्या मलेशियाने सेपांगला 1999 पासून शर्यत भरवली. खर्च वाढला, प्रेक्षक घटले, 2017 ला थांबवली.

मग आपलं ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, 2011 ते 2013. यजमानपदाची फी होती 4 कोटी अमेरिकन डॉलर, आणि ती भरायची जबाबदारी जेपी या खासगी समूहावर. उत्तर प्रदेश सरकारने याला खेळ न मानता करमणूक मानलं, म्हणून करमणूक कर. शिवाय फॉर्म्युला वनच्या कंपनीवर भारतात आयकर लागतो का, हाही वाद. शर्यत तीन दिवसांची असली तरी सर्किट ही कंपनीची भारतातली 'परमनंट एस्टॅब्लिशमेंट' ठरते, म्हणजे तिथल्या नफ्यावर इथे कर लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं एप्रिल 2017 मध्ये. तोवर शर्यत जाऊन साडेतीन वर्षं झाली होती.

कागदावर शेवटी तीनच प्रश्न उरले: पैसे कोण भरतं, तोटा कोण सोसतं, आणि कराचे नियम आधी ठरलेत का? भारतात पहिल्या दोन्हींचं उत्तर एकच खासगी समूह होतं आणि तिसऱ्याचं उत्तर मिळालंच नव्हतं. चूक झाली, खरी. पण ती व्यवहारातली, रक्तातली नाही.

लेक थोडा वेळ कागद बघत बसला. म्हणाला, "मग नियम आधी ठरवले तर परत होऊ शकते?"

"होऊ शकते," म्हटलं.

तुमच्या घरी "आपल्याकडे असंच" हे वाक्य मुलांनी कोणाकडून उचललंय? नक्की सांगा.