पायचे एवढे अंक काढून करायचं काय?

हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. वर्तुळाचा परीघ काढायला दहा-पंधरा अंक पुरून उरतात. मग कोट्यवधी कशाला? मला पटलेलं उत्तर डेव्हिड बेली या अमेरिकन गणितज्ञाच्या कामात आहे.

बेली 1980च्या दशकात नासाच्या एम्स संशोधन केंद्रात होते. तिथला क्रे-2 हा महासंगणक आणला होता विमानाभोवतीच्या हवेच्या प्रवाहाची गणितं सोडवायला. जानेवारी 1986मध्ये बेलींनी त्यावर पायचे 2 कोटी 93 लाख 60 हजार अंक काढले. पद्धत जोनाथन आणि पीटर बोरवाइन या भावांची. मुळं रामानुजन यांच्या आवडत्या मॉड्युलर समीकरणांमध्ये. हिच्या प्रत्येक फेरीत बरोबर आलेल्या अंकांची संख्या साधारण चौपट होते, म्हणून 12 फेऱ्यांत काम झालं. वेळ 28 तास. मग वेगळ्या पद्धतीने आणखी 40 तास घालवून तेच उत्तर पुन्हा काढलं. शेवटचे मोजके अंक सोडले (तिथे फरक पडणारच) तर सगळं तंतोतंत जुळलं.

आता खरी गंमत. हवेच्या प्रवाहाच्या गणितात यंत्राने मध्येच एखादा आकडा किंचित चुकवला, तर उत्तर जरासं हलतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. पायच्या गणितात मात्र एक बिट चुकला की त्यापुढचं सगळं उत्तर कचरा! म्हणजे यंत्रावर भरवसा ठेवायचा की नाही, हे तपासायला याहून कडक परीक्षा नाही. सुरुवातीच्या एका क्रे-2मधले हार्डवेअरचे बारीक दोष अशाच प्रोग्रॅममुळे सापडले.

पुढे हेलामन फर्ग्युसन यांच्यासोबत बेलींनी पीएसएलक्यू अल्गोरिदमवर काम केलं. दिलेल्या संख्यांमध्ये पूर्णांकांचं काही नातं आहे का, हे तो शोधतो. त्याच्याच मदतीने 1995मध्ये पायचं एक नवं सूत्र हाती आलं. आधीचे अंक न काढता पायचा सोळाच्या पायातला हवा तो अंक थेट देणारं! संगणकाने सूत्र सुचवलं, सिद्धता माणसांनी लिहिली.

मला मात्र सगळ्यात आवडतो तो बेलींचा 1991चा छोटासा खोडकर लेख: समांतर संगणकांवरचे निकाल सांगताना लोकांना फसवायच्या बारा युक्त्या. आपले 32 बिटचे आकडे दुसऱ्याच्या 64 बिटच्या आकड्यांशेजारी ठेवा, ही पहिली. काहीच जमलं नाही तर छान रंगीत चित्रं दाखवा, ही शेवटची. आमच्या कॉन्फरन्समध्ये ही बारावी युक्ती अजून जोरात चालते.