ऑन्जियरसाहेबांचा कागद



स्मरणिका समितीने मला "काका, तुम्ही इतिहासाचं वाचता, त्यावरच लिहा" असं सांगितलं. मी काही इतिहासकार नव्हे. ३६ वर्षं बँकेत काढली, त्यातली सहा मुंबईच्या फोर्टात. जेवणाच्या सुट्टीत हॉर्निमन सर्कलला फेरी मारायची आणि सेंट थॉमस कॅथेड्रलच्या सावलीत पाच मिनिटं टेकायचं, हा नेम. या चर्चची कल्पना ज्याची, तो मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर. तेव्हापासून हा माणूस माझ्या मनात बसला.

पुढे मुलगी नोकरीनिमित्त आयर्लंडला, डब्लिनला गेली. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो असताना एका रस्त्यावरून रोज बसने जायचो. बसमधले लोक त्याला 'एन्जर स्ट्रीट' म्हणायचे. एक दिवस पाटीवरचं स्पेलिंग नीट वाचलं आणि चमकलोच. अहो, हा तर आपला ऑन्जियर! घरी येऊन शोधलं तर रस्ता त्याच्या थोरल्या भावाचा निघाला.

घराणं मोठं होतं. आजोबा फ्रान्सिस ऑन्जियर आयर्लंडमध्ये वरिष्ठ न्यायाधिकारी, त्यांना लॉन्गफर्डचे बॅरन ही पदवी. वडील अँब्रोझ धर्मगुरू. आई डब्लिनच्या आर्चबिशपची मुलगी. थोरला भाऊ फ्रान्सिस पदवीचा वारस झाला. त्याने डब्लिनमध्ये जमीन विकसित केली, त्या काळी शहरात सर्वांत रुंद असा रस्ता काढला आणि प्लॉट पाडले. आजच्या भाषेत बिल्डर-डेव्हलपर! धाकट्या जेराल्डच्या वाट्याला पदवी नव्हती. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरला आणि १६६२ च्या सुमारास सुरतेच्या वखारीत आला. आपली मुलं जातात तसाच, पोटासाठी परदेशी.

मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला पोर्तुगीजांकडून हुंड्यात मिळालं. राजाने १६६८ मध्ये ते वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकलं. कंपनीचा पहिला गव्हर्नर सर जॉर्ज ऑक्सेंडन १६६९ च्या जुलैत सुरतेला वारला आणि जागा ऑन्जियरकडे आली. मुक्काम मुख्यतः सुरतेत, पण १६७२ ते १६७५ तो मुंबईतच राहिला.

तेव्हाचा शेजार लक्षात घ्या. आपण राहतो तो पौड खोऱ्याचा मुलूख बारा मावळांतला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांचा. महाराजांनी १६६४ आणि १६७० अशी दोनदा सुरत लुटल्यावर कंपनीला सुरतेचा भरवसा उरला नाही आणि मुंबईचं महत्त्व वाढलं. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, त्याला ऑन्जियरने हेन्री ऑक्झिंडेन हा वकील नजराणा देऊन पाठवला. राजापूरच्या वखारीची नुकसानभरपाई आणि व्यापाराचा तह हे त्याचं काम होतं.

आता मुद्द्यावर येतो. ऑन्जियरने तटबंदी केली, टांकसाळ काढली, न्यायालय उघडलं, निरनिराळ्या जातीधर्मांच्या व्यापाऱ्यांना बोलावलं. पण बँकवाल्याच्या नजरेतून त्याचं सर्वांत मोठं काम म्हणजे एक कागद. बेटावरची जमीन कोणाची, हा मोठा तंटा होता. पोर्तुगीज काळापासून कसणारे म्हणत आमची. कंपनी म्हणे, राजाची होती, म्हणून आता आमची. टायटल क्लिअर नाही, म्हणून कोणी पैसा घालेना. ऑन्जियरने जमीनमालकांना बोलावलं आणि नोव्हेंबर १६७२ मध्ये करार केला. मालकांनी मिळून दरवर्षी कंपनीला २०,००० झेराफिन (त्या काळचं पोर्तुगीज नाणं) द्यायचे आणि कंपनीने त्यांचा जमिनीवरचा हक्क मान्य करायचा. हाच 'ऑन्जियरचा करारनामा'.

तो संत नव्हता. हे सगळं कंपनीच्या नफ्यासाठीच होतं, आणि त्याच कंपनीने पुढे आपलं काय केलं ते आपण जाणतो. पण हक्क कागदावर आल्याशिवाय वस्ती टिकत नाही, हे त्याला कळलं होतं. ३० जून १६७७ ला तो सुरतेला वारला. घरापासून हजारो मैल दूर. थोरला भाऊ पुढे अर्ल झाला, त्याच्यामागून अँब्रोझ हा दुसरा भाऊ, आणि पदवी तिथेच संपली. डब्लिनमध्ये त्यांचं नाव रस्त्यावर आहे. फोर्टातल्या सहा वर्षांत जेराल्डच्या नावाची पाटी मात्र मला कुठे दिसली नाही.

आता एक कबुली. २५ वर्षांपूर्वी नांद्यात राहायला आलो तेव्हा सभोवती भातखाचरं होती आणि संध्याकाळी रिक्षा यायला तयार नसायची. मी पहिला खजिनदार. सोसायटीच्या नावावर जमीन करून घ्या, म्हणजे कन्व्हेयन्स करा, असं एक-दोघांनी सभेत मांडलं. मी म्हणालो, "ताबा मिळालाय, पाणी येतंय, कशाला घाई?" बँकेत टायटल पाहिल्याशिवाय मी कोणाला एक रुपया कर्ज दिलं नसतं, आणि स्वतःच्या घराच्या बाबतीत असं बोललो! पुढे बिल्डर दाद देईना. आता मानीव अभिहस्तांतरणाची फाईल तयार होते आहे. ज्यांनी तो विषय पहिल्यांदा मांडला, ते दोघंही आज आपल्यात नाहीत. तेव्हा त्यांचं ऐकायला हवं होतं, हे मी इथे लिहून ठेवतो.

फाईलला अजून काही फ्लॅटचे कागद आलेले नाहीत. कुणाची खरेदीखताची प्रत सापडत नाही, कुणाचा इंडेक्स टू नाही, कुठे मूळ सभासद गेले आणि मुलं परदेशी, वारसनोंद राहिली. मुलांनो, दिवाळीला घरी याल तेव्हा आईबाबांच्या कपाटातली ती फाईल बाहेर काढा. नॉमिनेशनचा फॉर्म भरला नसेल तर भरून घ्या. फॉर्म सोसायटीच्या ऑफिसात आहेत, आणि रविवारी सकाळी १० ते १२ मी तिथेच बसलेला असतो. चष्मा आणि पेन माझ्याकडे आहे, तुम्ही फक्त कागद घेऊन या.